निवृत्तीनंतर बोटीवर मुक्काम: चेसापीक ते बहामा आणि परत

सागरगोटा:

‘निवृत्तीनंतर काय?’ या धाग्यावर मी जाता जाता लिहिलं होतं की आम्ही दोघं हल्ली बोटीवर राहतो. त्यावर एवढे व्यनि (खासगी निरोप) आले की एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा वेगळा धागाच काढतेय. बहुतेकांचे प्रश्न तेच: खर्च किती, भीती वाटत नाही का, आजारी पडलात तर काय? एक प्रश्न मात्र फक्त बायकांकडून आला. तुम्ही मनापासून गेलात की नवऱ्याच्या हट्टापायी?

थोडक्यात पार्श्वभूमी. आम्ही न्यू जर्सीत नोकऱ्या केल्या, मुलं आपापल्या वाटेला लागली, घर विकलं. बोट म्हणजे ३८ फुटी ट्रॉलर, १९८० च्या दशकातली, फायबरग्लासची. मासेमारीशी तिचा काही संबंध नाही, बांधणी त्या धाटणीची एवढंच. एकच डिझेल इंजिन, वेग सात नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३ किलोमीटर. काठाच्या रस्त्यावरून सायकलवाला आरामात पुढे निघून जातो. दोन केबिन, दोन चिमुकली न्हाणीघरं, मधे बसायची खोली आणि तिच्यातच ओटा.

उन्हाळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक बेमध्ये काढतो. थंडीची चाहूल लागली की दक्षिणेकडे निघायचं. व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून इंट्राकोस्टल वॉटरवे सुरू होतो, सगळे त्याला आयसीडब्ल्यू म्हणतात. खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे जोडून केलेला हा आतला जलमार्ग मायामीपर्यंत सुमारे १,०९० मैल आहे. (हे मैल जमिनीवरचे, समुद्री नव्हेत. पहिल्यांदा जाणारे हमखास गोंधळतात.) बाहेर अटलांटिक खवळलेला असला तरी आतून गवताळ पाणथळीतून निवांत जाता येतं. डिसेंबरपर्यंत फ्लोरिडा. मग हवा जुळली की गल्फ स्ट्रीम हा समुद्री प्रवाह ओलांडून बहामातलं बिमिनी आणि पुढे एक्झुमा बेटं. वसंतात परतीची वाट, कारण १ जूनपासून हरिकेनचा मोसम.

बाकीचं विचाराल तसं लिहीन. पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझ्या मते हे जमणार की फिसकटणार ते तिथेच ठरतं. बोट दोघांपैकी कुणालाही एकट्यानं चालवता आली पाहिजे, आणि धक्क्याला नेऊन बांधताही आली पाहिजे. नवरा सुकाणूवर आणि बायको खाली पोळ्या लाटतेय, असे संसार मी इथे भरपूर पाहिलेत. पहिल्या नाहीतर दुसऱ्या हिवाळ्यात बोट विकायला निघते.

टिवल्याबावल्या:

अगं ताई, हे काय भन्नाट! धाग्याची वाचनखूण साठवली. माझे बाळबोध प्रश्न: १) बाथरूमचं पाणी कुठे जातं? २) रात्री बोट वाहून जात नाही? ३) भांडण झालं तर जायचं कुठे?

चीफसाहेब:

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, इंजिनरूममध्ये. लहान बोटींचं मला फारसं कौतुक नव्हतं, पण वाचायला घेतलं. दोन गोष्टी. एक, भारतातून तिकडे जाऊन बोट चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) डाव्या हाताला ठेवतात, अमेरिकेत उजव्या. जगात या दोन पद्धती आहेत. दोन, एकच इंजिन म्हणताय, ते कोणतं? समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतलं रबरी पात्यांचं चाक) कधी बदलता? बाई उत्तर देतात की साहेब, ते बघायचं आहे.

सागरगोटा:

@चीफसाहेब, बाईच देतेय. फोर्ड लेहमन, १२० अश्वशक्ती. जुन्या ट्रॉलरमधलं अगदी घरोघरचं इंजिन. इंपेलर दर हिवाळ्याआधी बदलते, मोडका नसला तरी. जुना अडीअडचणीला ठेवायचा, नवे दोन पेटीत. पात्याचा तुकडा गायब दिसला तर तो इंजिन गार ठेवणाऱ्या हीट एक्सचेंजरमध्ये अडकलेला असतो, तो शोधून काढल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. गंज रोखणारे झिंकचे तुकडे आणि डिझेलचे फिल्टर नवऱ्याकडे. त्याचा हात तिथपर्यंत पोचतो, माझा नाही.

आयसीडब्ल्यूवर दक्षिणेकडे जाताना लाल खुणा उजवीकडेच राहतात. पण वाटेत एखाद्या नदीचं मुख लागलं की तिथल्या खुणा समुद्रातून आत येणाऱ्यांसाठी लावलेल्या असतात, आणि रंग उलटेपालटे दिसायला लागतात. अशा वेळी खुणेवरचा छोटा पिवळा त्रिकोण किंवा चौकोन बघायचा. आयसीडब्ल्यूपुरता तोच खरा.

@टिवल्याबावल्या, बाळबोध कसले, सगळे हेच विचारतात.

संडासासाठी बोटीत मैल्याची टाकी असते. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ती समुद्रात सोडणं बेकायदा. फ्लोरिडा कीजमध्ये तर पंप-आउटची बोट नांगरलेल्या बोटींकडे येते, पाइप लावते, टाकी रिकामी करून जाते. टाकी किती भरली याचा अंदाज ठेवणं हे या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं गणित आहे, आणि मी हे विनोदानं म्हणत नाहीये.

वाहून जाण्याबद्दल: पाणी ८ फूट, बोटीची नाळ (पुढचं टोक) पाण्याच्या ४ फूट वर, भरतीनं आणखी ३ फूट चढणार. झाले १५. त्याच्या सातपट, म्हणजे १०५ फूट साखळी सोडायची. मग इंजिन हळूहळू मागे घेत नांगर वाळूत रुतवायचा. बहामाचं पाणी इतकं नितळ की मी मास्क लावून उतरते आणि नांगर डोळ्यांनी बघून येते. फाळ पूर्ण गाडला गेलाय, दांडाही अर्धा वाळूत, असं दिसलं की झोप लागते. आडवा पडलेला दिसला की जेवण बाजूला आणि पुन्हा पहिल्यापासून.

भांडण झालं तर नाळेवर एक आणि मागच्या डेकवर दुसरा. ३८ फूट पुरतात.

सदाशिवपेठी:

डॉलरवाल्यांचे चोचले. इथे निवृत्त माणूस सोसायटीच्या पार्किंगसाठी भांडतोय, तिथे नांगर वाळूत गेला की नाही बघायला पाण्यात उतरतात. असो. आकडे द्या. बोट केवढ्याची, महिन्याला किती जातात, आणि हे सगळं बुडालं तर?

सागरगोटा:

@सदाशिवपेठी, टोमणा पोचला. आकडे घ्या.

या वयाच्या आणि या लांबीच्या ट्रॉलर साधारण ६० ते ९० हजार डॉलरमध्ये मिळतात, अवस्थेप्रमाणे खाली-वर. घेण्याआधी सर्व्हेअर आणावाच लागतो. बोट पाण्याबाहेर उचलतात, आणि तो माणूस छोटी हातोडी घेऊन तळ इंच-इंच ठोकत फिरतो. धड फायबरग्लास टणक वाजतो. आत ओल शिरलेली असेल तिथे आवाज बद्द येतो, तिथे तो खडूनं गोल काढतो. आम्ही बघितलेल्या एका बोटीवर एवढे गोल झाले की आम्ही हिशेब न करताच परत फिरलो.

देखभालीला दरसाल बोटीच्या किमतीच्या दहा टक्के धरा, असा इथला ठोकताळा. जुनी बोट असेल तर त्याहून जास्त. डिझेल ताशी दोन-तीन गॅलन. धक्क्याला बोट लावली तर फ्लोरिडात फुटाला अडीच-तीन डॉलर रात्रीचे, म्हणजे आम्हाला शंभराच्या आसपास. म्हणून धक्क्याला फार लावतच नाही. अमेरिकेत नांगर टाकून राहणं बहुतेक ठिकाणी फुकट. बहामात शिरताना क्रूझिंग परमिट घ्यावं लागतं, त्याची फी २०२५ मध्ये चांगलीच वाढली. वर्षभराची सरासरी काढली तर आमचे महिन्याला साडेतीन-चार हजार डॉलर जातात, आरोग्यविमा वेगळा. न्यू जर्सीत घराचा नुसता कर वर्षाला दहा हजारांवर होता, तो वाचला.

बुडालं तर? विमा आहे, पण तो मिळवणं हेच मोठं दुखणं. जुनी बोट आणि सत्तरीकडे झुकलेले मालक म्हटल्यावर कंपन्या हात आखडतात. २०१७ च्या इर्मा वादळानंतर तर फारच. फ्लोरिडात बोट चालवायला आमच्या वयाच्या माणसाला परवाना लागत नाही. १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच तिथे सुरक्षा-कार्ड सक्तीचं. कायदा काही विचारत नाही, विमावाले मात्र कुंडली मागतात: कुठे शिकलात, किती मैल चालवलीत, आधीच्या बोटी कोणत्या.

आणि हो, चोचलेच आहेत. गरज म्हणून कोण कशाला बोटीवर राहील?

लिंबलोण:

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका. आम्हीही हे केलं होतं, शिडाच्या बोटीवर, मेक्सिकोच्या बाजूला, सी ऑफ कॉर्टेझमध्ये. मला आवडलं नाही. निसर्ग सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण मला बोट लागायची. गोळ्या घेतल्या की झोप, नाही घेतल्या की उलट्या. नवऱ्याचं म्हणणं, सवय होईल. बऱ्याच जणांना होते, मला झाली नाही. दुसरं म्हणजे माणसं. धक्क्यावर भेटणारी मंडळी फार गोड, पण आठवड्यानं त्यांचा नांगर उचलला की संपलं. मला माझी भिशी हवी होती, नातवंडांच्या शाळेचं गॅदरिंग हवं होतं. मी स्पष्ट सांगितलं आणि घरी आले. नवरा अजून हिवाळ्यात दोन महिने मित्राच्या बोटीवर जातो. संसार शाबूत आहे.

सागरगोटाताई, ‘दोघांना चालवता आली पाहिजे’ हे पटलं. पण मला चालवता येत होती. तरीही मला तिथे राहायचं नव्हतं. तुमच्या नियमात ही जागा कुठे आहे?

सागरगोटा:

@लिंबलोण, राग कशाचा? जागा नाहीये, खरंय. चालवता येणं ही अट आहे, हमी नाही. मी एवढंच म्हणेन की जिला चालवता येतं तिला ‘मला नको’ असं ठणकावून सांगता येतं, आणि समोरचा ‘तू घाबरतेस म्हणून म्हणतेस’ असं म्हणू शकत नाही. तुमचं तसंच झालं असावं.

इतरांना माझा सल्ला: घर विकण्याआधी अशी बोट चार्टरवर, म्हणजे भाड्यानं घ्या. आणि ती छान हवेत नव्हे, मार्चमधल्या वाऱ्यात घ्या.

बेळगावी_कुंदा:

ताई, मी डॉक्टर आहे, म्हणून कोरडे प्रश्न. अमेरिकेबाहेर मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) सहसा काही देत नाही, बहामातही नाही. काय सोय केलीय? रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसानं हलत्या डेकवर डोकं आपटलं तर तासांचा हिशेब असतो. आणि मासे जपून खा. उष्ण पाण्यातल्या प्रवाळांभोवतीच्या मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष साठतं, बरॅकुडात विशेष. ते शिजवून जात नाही, त्याला वास नाही, चव नाही. उलट्या-जुलाबानंतर गार वस्तू हाताला पोळल्यासारखी लागते, हे त्याचं खास लक्षण. पेशंटला वाटतं, डोकं फिरलं.

सागरगोटा:

@बेळगावी_कुंदा, फार आवश्यक प्रश्न. बाहेरच्या देशांसाठी वेगळा विमा आहे, त्यात विमानानं उचलून फ्लोरिडात आणणं धरलंय. गोळ्या निघताना पूर्ण मोसमाच्या घेतो, निम्म्या एका डब्यात, निम्म्या दुसऱ्यात, आणि दुसरा डबा आणीबाणीच्या पिशवीत. पिशवी दाराशी टांगलेली असते. हृदयाचे डॉक्टर अमेरिकेतच ठेवलेत, वर्षातून दोनदा त्यांच्या तारखांभोवती मार्ग आखतो. दूरच्या बेटांवर दवाखान्यात नर्स भेटते, चांगली भेटते, पण एमआरआय नाही. एक्झुमातल्या जॉर्जटाऊनला विमानतळ आहे, म्हणून मुक्काम त्याच्या आसपास. आणखी दक्षिणेला जायची नवऱ्याची फार इच्छा आहे. मी नाही म्हटलंय.

बरॅकुडा आम्ही गळाला लागला तरी सोडून देतो. खोल पाण्यातला माही-माही खातो.

पण मला जास्त भीती माशांची नाही, पाण्यात पडण्याची वाटते. ऐंशी किलोचा माणूस ओल्या कपड्यांत वर ओढणं माझ्या बापजन्मी जमणार नाही. म्हणून डिंगी (सोबतची छोटी होडी) उचलायची कप्पी त्याच कामासाठी वापरून बघितली. नवरा पाण्यात, काखेत पट्टा, मी कप्पीच्या दोरीवर. जमलं, पण तो डेकला आपटत वर आला. मग पट्टा बदलला. रात्री कुणीही दुसऱ्याला उठवल्याशिवाय डेकवर जायचं नाही, अगदी नांगरलेल्या बोटीवरसुद्धा. त्याला हा नियम जाचतो. जाचू दे.

टिवल्याबावल्या:

ते चालवायचं सांगा ना. मला कार रिव्हर्स घेताना घाम फुटतो.

सागरगोटा:

आमच्याकडे ठरलेलं आहे: सुकाणूवर मी, दोऱ्यांवर आणि नांगरावर तो. बहुतेक जोडप्यांत उलटं असतं. दोरी फेकायची, खुंटाला वेढा द्यायचा, ताण धरायचा, ही ताकदीची कामं. सुकाणूला ताकद लागत नाही, नजर आणि सबुरी लागते. मग कमी ताकदीच्या माणसानं धक्क्यावर उडी का मारायची? कुणीच उडी मारायची नाही, हा तर पहिला नियम. साठीनंतर बोटीवरून उडी मारणारे थेट हाडवैद्य गाठतात.

सेंट ऑगस्टिनचं उदाहरण देते. तिथे पुलाजवळ भरती-ओहोटीचा ओढा जबर आहे. शक्यतो पाणी थांबलेल्या वेळी धक्क्याला लागावं, पण एकदा वादळ येत होतं आणि थांबायला सवड नव्हती. ओहोटीचं पाणी समोरून, वारा मागून. एका इंजिनाच्या बोटीची एक खोड असते: रिव्हर्स टाकला की मागची बाजू आधी एका अंगाला सरकते. आमची डावीकडे सरकते. म्हणून डावी बाजूच धक्क्याला लावायची. मी प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून अगदी रांगत आत घेतली. इंजिन क्षणभर पुढे, मग न्यूट्रल, पुन्हा क्षणभर पुढे. कानात हेडसेट. नवरा नाळेपाशी उभा राहून नुसते आकडे सांगतोय: “आठ फूट, सहा, सहा, चार.” सल्ला द्यायचा नाही, अंतरच सांगायचं, हे आमचं ठरलंय. चार म्हटल्यावर रिव्हर्सचा एक झटका दिला, मागची बाजू अलगद धक्क्याला टेकली, त्यानं मधली स्प्रिंग लाइन खुंटात टाकली. ती एक दोरी बसली की बोट कुठे जात नाही, बाकीच्या सावकाश बांधा. धक्क्यावरचा मुलगा सगळ्या सूचना नवऱ्यालाच देत होता. सुकाणू माझ्या हातात, आणि हा त्याला ओरडून सांगतोय, “सर, थोडं डावीकडे घ्या!”

हेडसेट घ्याच. बोटीवरची निम्मी भांडणं इंजिनाच्या आवाजावर ओरडण्यातून होतात. ओरडलेलं वाक्य प्रेमाचं असलं तरी शिवीसारखं ऐकू येतं.

वेंगुर्लेकर_आजोबांचा_नातू:

काकू, ह्या सगळा वाचून बरा वाटला! आमचो आजो तांडेल होतो. आमच्या हयसर पावसात बोटी वर काढतत, झापां घालून ठेवतत, तेव्हा बारा म्हयने पाण्यात रवणारी माणसां म्हटल्यार नवल वाटता.

प्रश्न असा (आता प्रमाण मराठीत): कोकणात हे का होऊ नये? विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पुढे गोवा, कारवार. पाणी उबदार, किनारा तर कॅरिबियनच्या तोंडात मारेल असा.

चीफसाहेब:

किनाऱ्याबद्दल दुमत नाही. अडचण धक्क्याची आणि पावसाची. नैऋत्य मोसमी वाऱ्यात पश्चिम किनारा उघडा पडतो. म्हणूनच १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. ते महिने खाडीत आत शिरून काढावे लागतील, आणि आपल्या खाड्या गाळानं भरत चालल्यात. दुसरं, यॉटसाठी मरिना म्हणावी अशी जागा पश्चिम किनाऱ्यावर कोचीला बोलगाट्टीला आहे, पण कोकणात नाव घेण्याजोगी नाही. डिझेल, पाणी, वीज, मैला उपसणं यातलं काहीच एका जागी नाही. तिसरं, रात्री मुंबई-रायगडच्या समुद्रात डोलीची जाळी खुंटांना बांधलेली असतात, त्यांवर दिवा असेलच असं नाही. पंख्यात जाळं गेलं की तुमचं इंजिन एक असो वा दोन.

पण माणसं आपल्याकडे आहेत. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती ५६ फुटी बोट गोव्यात बांधलेली. तिची बहीण ‘तारिणी’ही गोव्याचीच. २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी तिच्यावरून जग फिरून आल्या. दोघीच. मूळ धाग्यातल्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नको.

सागरगोटा:

+१. त्या दोघींचा प्रवास मी रोज नकाशावर बघत होते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला गेल्या तेव्हा आम्ही इथे उबदार पाण्यात नांगरून होतो. आमची आणि त्यांची तुलना करायचं धाडस नाही.

कोकणाबद्दल चीफसाहेबांशी सहमत. मरिना होईपर्यंत तिथे राहणं म्हणजे रोज रात्री कुठे थांबायचं याचं कोडं. बहामात कोडं वेगळं आहे, तेही सांगते. हिवाळ्यात थंड हवेचे पट्टे अमेरिकेतून खाली येतात, बरेचदा आठवड्याला एक. वारा आधी आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा, मग वायव्येचा आणि शेवटी ईशान्येचा असा घड्याळासारखा फिरतो. एक्झुमातले बहुतेक नांगरायचे किनारे पश्चिमेला उघडे. म्हणजे एरवी जिथे तलावासारखं शांत पाणी, तिथेच वारा फिरला की रात्रभर उसळी. म्हणून हवामान बघायचं आणि आदल्या दिवशीच पश्चिमेकडून आडोसा असलेली जागा गाठायची. सगळ्यांनाच ती हवी असते. उशिरा पोचाल तर उरलेली वाईट जागा तुमची.

गल्फ स्ट्रीमचं विचारलंय दोघांनी व्यनित. मायामीजवळून बिमिनी ४५ समुद्री मैलांच्या आसपास. मधे उष्ण पाण्याचा हा प्रवाह उत्तरेकडे दोन-तीन नॉटनं वाहतो. सरळ बिमिनीकडे तोंड करून सहा-सात तास चालवलं तर १५ मैल उत्तरेला पोचाल, म्हणून सुरुवातीपासून तोंड दक्षिणेकडे वळवून ठेवायचं. वाऱ्याच्या अंदाजात उत्तर, ईशान्य, वायव्य यांतलं काहीही असेल तर निघायचं नाही. उत्तरेचा वारा आणि उत्तरेकडे जाणारं पाणी समोरासमोर आले की लाटा उभ्या भिंती होतात. पहाटे चारला निघतो, म्हणजे ऊन डोक्यावर आल्यावर पोचतो. तिथे पाणी रंगावरून वाचावं लागतं: गडद निळं खोल, फिकट हिरवं उथळ, पांढुरकं म्हणजे वाळू जवळ, तपकिरी म्हणजे खडक किंवा गवत. तिरप्या उन्हात हे रंग दिसतच नाहीत.

पोळपाटलाटणं:

आता माझा आवडता विषय. खाता काय?

सागरगोटा:

कुकर आहे म्हणून निभतं. गॅसची टाकी बाहेर डेकवर असते आणि दूर बेटांवर भरून मिळायची शाश्वती नसते, त्यामुळे वरण-भात-बटाटे एकाच शिट्ट्यांत. मटकी, मूग, चवळी भरून नेते. आठवड्यानं भाजी संपली की मोड काढायचे. भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी घट्ट झाकणाच्या डब्यांत. दमट हवेत पापड चामड्यासारखे होतात, ते न्यायचं सोडलं.

पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर चढवायचं नाही, हे विशेष. पुठ्ठ्याच्या सांध्यांत झुरळांची अंडी असतात. सगळं धक्क्यावरच काढून घ्यायचं आणि खोकं तिथेच टाकायचं. बोटीत एकदा झुरळं झाली की जन्माची सोबत.

बेटांवर भाजी नासाऊहून मेलबोटीनं येते. एका ठरलेल्या दिवशी धक्क्यावर गर्दी होते: गावकरी, बोटवाले, सगळे. उशिरा गेलात तर कोबी आणि कांदे उरतात. कोबी पुष्कळ टिकतो, त्याबद्दल तक्रार नाही. टोमॅटोचे भाव विचारू नका. मासे, लॉबस्टर मोसमात मिळतात. एक्झुमाच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र काहीही धरायला बंदी, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. १९५८ पासूनचं संरक्षित क्षेत्र आहे ते, आणि पाण्यात तोंड बुडवलं की फरक दिसतो.

सदाशिवपेठी:

सगळं वाचलं. मान्य, मजा आहे. आता शेवटचं: वादळ आणि म्हातारपण. २०१९ मध्ये डोरियन वादळानं बहामातल्या अबाको बेटांचं काय केलं ते बातम्यांत पाहिलंय. आणि सत्तरीनंतर काय? ही बोट घेणार कोण?

सागरगोटा:

डोरियन सप्टेंबरमध्ये आलं. आम्ही त्या काळात चेसापीकला असतो. विमा कंपनीही मोसमात बोट अमुक रेषेच्या उत्तरेला हवी अशी अटच घालते, नाहीतर विमा लागू नाही. उत्तरेलाही वादळं पोचतात, तेव्हा बोट पाण्याबाहेर उचलून यार्डात जमिनीला पट्ट्यांनी बांधायची आणि आपण मुलीकडे जायचं. वादळात बोटीवर थांबून ती वाचवायची असले पराक्रम आम्ही करणार नाही.

म्हातारपणाचं: दर उन्हाळ्यात एक परीक्षा ठेवलीय. दोघांनी कपड्यांनिशी पाण्यात उतरायचं आणि मागच्या शिडीनं कुणाच्या मदतीशिवाय वर यायचं. दोनदा प्रयत्न करूनही दोघांपैकी एकाला जरी जमलं नाही तर त्या हिवाळ्यात दक्षिणेला जायचं नाही, बोट विकायला काढायची. किंमत कमी येईल, पण घेणारे असतात. टपालाचा पत्ता आधीपासून फ्लोरिडाचा आहे, तिथेच दोन खोल्यांचं काहीतरी भाड्यानं बघू. लिंबलोणताईंसारखी भिशीही शोधेन.

चीफसाहेब:

परीक्षा चांगली आहे. शिडीच्या पाण्याखाली किती पायऱ्या? दोन असतील तर तरुणालाही वर येता येत नाही, गुडघा छातीपर्यंत घ्यावा लागतो.

सागरगोटा:

आधी दोनच होत्या. आता चार आहेत, आणि पाण्यातून ओढून खाली पाडता येईल अशी दोरीही लावलीय. बऱ्याच बोटींत शिडी वर दुमडलेली असते आणि तिची कडी डेकवरूनच सुटते. पाण्यात पडलेल्याला तिचा काय उपयोग? पोळपाटलाटणं, भाजणीचं प्रमाण उद्या टंकते. इथे आज नेट रडतंय.